एका खेपेची पेटी

कडी त्यानेच वाकवली होती. बादलीची मूळ कडी तुटली तेव्हा नवी बादली आणायची सोडून त्याने जाड तार घेतली, पकडीने दोन आकडे केले आणि वर बायकोला ऐकवलं, "हत्ती टांग, सुटायची नाही." हत्ती टांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चिमटे, सळया आणि तेलमसाल्याच्या बाटल्या एवढ्यानेच तार सरळ झाली. बादली आणि बायको, दोघी मिळून पाच पायऱ्या गडगडल्या. बादलीला पोचा आला. बायकोचं डावं मनगट मोडलं आणि जुळलं ते वाकडंच.

त्याचा स्वतःचा डावा हात वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं तेव्हाच कामातून गेला होता. म्हणजे घरात आता दोघांत मिळून दोन हात, आणि दोन्ही उजवे.

त्याला सगळे चौकट म्हणत. चाळीस वर्षं त्याने दारा-खिडक्यांच्या चौकटींशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. आजारपणानंतर घर बायकोच्या शेगडीवर चालू लागलं. कारखान्याच्या फाटकासमोर ती मांसाचे तुकडे सळईवर भाजून विकायची. शेगडी खाली जिन्यामागे साखळीने बांधलेली असे, बाकीचा पसारा रोज तिसऱ्या मजल्यावरून उतरायचा. बादली ती घेई, घडीची खुर्ची तो. तीन मजले उतरायला त्याला पाव तास लागे. पण एकदा खाली टेकला की पुठ्ठ्याने निखाऱ्यांना वारा घालायचा, सुटलेल्या कामगारांच्या चार शिव्या खायच्या, दोन परत द्यायच्या. दिवसातले तेवढेच तीन तास तो माणसांत असे.

आता सहा आठवडे शेगडी बंद होती आणि तो खिडकीत बसून होता. म्हणून त्याने पेटी करायला घेतली. मधे आडवा दांडा, दोन्हीकडे खण, एका हाताने उचलता येईल अशी.

"पेटी झाली की सोमवारी दोघं खाली," तो म्हणाला.

"आधी करा तर," ती म्हणाली.

खोक्याच्या फळ्या होत्या. फळी दाबायला दुसरा हात नाही, म्हणून ती फळीवर बसायची आणि तो करवत चालवायचा.

"हलू नकोस गं."

"जन्मात पहिल्यांदा माझं वजन कामी येतंय, त्यात खोट काढू नका."

खिळे ती धरायची, तो ठोकायचा.

"बोट माझं आहे हो."

"चाळीस वर्षांत चुकलो नाही."

"कडीचंही असंच सांगितलं होतंत."

चार दिवसांनी पेटी उभी राहिली. कोपरे असे, की काटकोन तपासायचा गुण्या लावला तर मधून केस जाऊ नये. दांडा अगदी मधोमध. तिने सामान भरलं, उचललं, आणि पेटीने बाटल्यांच्या बाजूला मान टाकली. तेल तिच्या कपड्यांवर.

त्याला कळेना. मापात सुताचा फरक नव्हता. मग उमगलं. त्याने जन्मभर ज्या वस्तू केल्या त्या भिंतीत बसायच्या आणि तिथेच म्हाताऱ्या व्हायच्या. चौकटीला कुणी विचारत नाही, बाई, तुझं वजन कुठल्या अंगाला. उचलून न्यायची वस्तू त्याने आजवर केलीच नव्हती.

दांडा काढला. टेप बाजूला ठेवली. भरलेल्या पेटीला दोरी बांधून तिने तोलून पाहिली. "बाटल्यांकडे सरकवा. अजून. हां, इथे." तिथे त्याने खूण केली. लाकडाला पाजायला घरात तेल उरलं नव्हतं, ते तिने समोरच्या काकूंकडून वाटीभर आणलं.

"हा चिंचोळा खण कशाला?" तिने विचारलं.

"माझ्या पुठ्ठ्याला."

ती बाटल्या पुसून खणात लावू लागली.

रविवारी दुपारी ती भरलेली पेटी घेऊन तळमजल्यापर्यंत जाऊन आली. एक थेंब सांडला नाही.

"अहो, एका खेपेत!" ती धापा टाकत म्हणाली.

"म्हटलं नव्हतं? उद्या खुर्ची मी..."

"खुर्ची नको. उभ्याने करीन."

"मग मी कशावर बसू?"

तिने चिंचोळ्या खणातला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि तिथे कागदी रुमाल खोचले. "तुम्ही वरच थांबा."

"अगं, ही बादली नाही. ही सुटायची नाही."

"कडीने नाही पडले मी. आधी मी घसरले, मग बादली आपटली, मग कडी सुटली. मागे वळून तुमचा पाय बघत होते, पायरीवर नीट पडतोय का. रोज बघायचे. आता एका हाताने मला ते झेपायचं नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही पेटी करत होतात. बरे दिसत होतात."

सोमवारी ती गेली. दाराशी उभा राहून तो ऐकत होता. पेटी एकाही वळणावर टेकली नाही. इतकं नेमकं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. खिडकीतून फाटक दिसत नाही, वर चढणारा धूर तेवढा दिसतो.

जाताना तिने काकूंची वाटी नव्या आणलेल्या तेलाने भरून टेबलावर ठेवली होती आणि त्याला सांगितलं होतं, तेवढी देऊन या. समोरचं दार आठ पावलांवर. मधे जिना नाही, पायरी नाही.

ती परत आली तेव्हा वाटी टेबलावरच होती. मंगळवारीही.