मागच्या अॅक्सलमधला भुसा

वडील गेले आणि त्यांची जुनी मोटार माझ्याकडे आली. चाळीसच्या पुढे नेली की मागच्या सीटखालून असा घूंऽऽ आवाज सुरू व्हायचा की शेजारी बसलेली आई कानावर पदर ओढून घ्यायची. मी मागच्या चाकांमधल्या अॅक्सलचं तेल बदलायचं ठरवलं. आमच्या पांढरकवड्यात हायवेला ट्रक एवढे, की तेलाचा सल्ला देणारे घरोघरी. कुणी नव्वद नंबर सांगे, कुणी एकशे चाळीस. मी एकशे चाळीसचा डबा घेतला. जाड तेल, आवाज खाऊन टाकेल असा माझा हिशोब.

या गाडीची एक गोष्ट आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वीसेक वर्षांपूर्वी मुकुटबनचे एक मास्तर बायकोला घेऊन गाडी पाहायला आले होते. चक्कर मारली, आवाज कसा तो नाही म्हणून खूश झाले, सौदा ठरला. आणि चहाचे कप उचलायच्या आत वडिलांनी नाही म्हटलं. जीव गुंतला होता त्यांचा गाडीत, असं आई म्हणायची. मला ते पटायचं. दर दिवाळीला ते स्वतः गाडीखाली झोपून मागच्या अॅक्सलमध्ये तेल भरायचे, पण मिस्त्रीला तो कधी उघडू द्यायचे नाहीत. शिवाय माणूस कापसाच्या काट्यावर नोकरी केलेला. वजनात सख्ख्या भावालाही सूट दिली नाही, अशी त्यांची ख्याती. त्या ख्यातीवर मी गावात आजही उसना मान मिरवतो.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझा डबा बाजूला ठेवला. आधी जुनं तेल काढू म्हणाला. नट सैल केला तर तेल येईचना. तारेनं टोचल्यावर लापशीसारखं काहीतरी भदकन घमेल्यात पडलं. त्यानं ते बोटांत चोळलं. लालसर कण होते. सागवानाचा भुसा.

“गाडी दलालाकडून घेतलती काय, भाऊ?”

नाही, वडिलांची आहे, मी सांगितलं.  तो खाली बघत म्हणाला, “विकाच्या टायमाले टाकतेत हे. आवाज दबते. पर तेल फिरत नाही, गेरचे दात खाऊन जाते.”

मास्तरांना ऐकू न आलेला आवाज. कुणालाही उघडू न दिलेला अॅक्सल. आमच्या घराला लागूनच आरा मशीन होती, भुसा हवा तेवढा. मला राग आला, खरं सांगतो, मेलेल्या बापाचा राग आला. आणि त्याहून मोठी भीती, की आता आईला काय सांगू. तिची सगळी मिजास त्या एका गोष्टीवर उभी होती.

मिस्त्रीनं आतून धुऊन काढलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं नव्वद नंबरचं तेल भरलं. झिजलेल्या दातांचा आवाज राहणारच, जाड तेल टाकून तो नुसता लपेल, असं बजावून त्यानं माझा डबा परत दिला.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर तूर निवडत होती. काय निघालं म्हणून तिनं विचारलं. गाळ होता थोडा, असं मी म्हणालो. तिनं सूप खाली ठेवलं.

“भुसा निंघाला असन.”

मी हातातला डबा ओट्यावर ठेवला.

“मीच चाळून देल्ला होता, पिठाच्या चाळणीनं. जाडा राहिला त अडकते म्हणे तुहे बाबा.” ती सुपातल्या तुरीकडे बघत बोलत होती. “त्या मास्तरची बायको पोटुशी होती. चहा घेताना मले म्हणे, काकू, दवाखान्यात जाले घेऊन राह्यलो गाडी. रस्त्यात दगा त नाही देत नं? मंग मीनं तुह्या बाबाले आत बोलावलं.”