शुक्रवारचा रविवार

आमच्या कारखान्याच्या हजेरीत माझ्या ओळीला एक लाल चौकट आहे. न सांगता गैरहजर, असा तिचा अर्थ. खरं तर मी सांगून, ठणकावून गैरहजर राहिले होते, पण त्यासाठी वेगळा रंग नाही. रजेचा अर्ज टाका, हिरवी करून देतो, असं मला दोनदा सुचवण्यात आलं. मी टाकला नाही आणि टाकणारही नाही. सुट्टीच्या दिवसाची रजा कोण टाकतं?

डोंबिवलीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कधीकाळी प्रत्येक औद्योगिक भागाला वेगळा वार वाटून दिला, आमच्या वाट्याला शुक्रवार आला आणि तो अंगवळणी पडला. मानपाड्याकडच्या आमच्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. कुठला माल कधी तयार होणार, कधी गाडीत चढणार, त्याच्या तारखा लावते. नवरा त्याच एमआयडीसीत, कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. आमचं लग्नसुद्धा शुक्रवारीच झालं, नाहीतर दोघांकडची माणसं आली नसती. आईचा शुक्रवारचा उपास. मुलीच्या लग्नात ती बाई साबुदाण्याच्या खिचडीवर बसली आणि जन्मभर मला ऐकवत राहिली.

घरात आम्ही या दिवसाला शुक्रवार म्हणतच नाही. रविवार म्हणतो. मुलगी पहिलीत होती तेव्हा एका गुरुवारी तिने बाईंना ठासून सांगितलं की उद्या रविवार आहे. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, मुलीला घरी वार शिकवा. नवरा म्हणाला, शिकवलेत, आणि बरोबर शिकवलेत. दुसऱ्या दिवशी तो स्वतः शाळेत जाऊन बाईंना एमआयडीसी समजावून आला. त्याला वेळ होताच, त्याचा रविवार होता.

आता मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी आहे. शुक्रवारी आम्ही दोघंच. मटण तो करतो, मला हात लावू देत नाही. मी वाटण करून देते आणि चुका काढते. आठवड्याच्या बाकी दिवसांत त्याच्या पाळ्या बदलत असतात. कधी तो येतो तेव्हा मी निघालेली असते. धड बोलणं होतं ते या एका दिवशी.

गेल्या वर्षी ठाण्याच्या हेड ऑफिसात नवे साहेब आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी सगळ्या कारखान्यांना कॉम्प्युटरवरची एकच शीट पाठवली. वर पहिली तारीख टाकायची, खाली ओढत न्यायचं, की कामाच्या दिवसांच्या तारखा आपोआप पडत जातात. मी हाताने तारखा लिहिण्यात वर्षं घालवलेली, मला ते बघून खरंच आनंद झाला. मग खाली नजर गेली. त्या फॉर्म्युल्याच्या लेखी शनिवार-रविवार सुट्टी होती आणि प्रत्येक शुक्रवारी आमच्या बंद गेटातून गाड्या भरून निघत होत्या.

मी फोन केला. साहेब म्हणाले, ॲडजस्ट करा. ग्राहकांचे फोन शुक्रवारी येणारच, तेव्हा कारखाना बंद असला तरी ऑफिसने चालू राहायचं, आणि बदल्यात आम्हाला शनिवार-रविवार दोन दिवस सुट्टी. एक घेऊन दोन देतोय, यात तक्रार कसली, हे त्यांना मनापासून कळत नव्हतं. आमच्या नातेवाइकांनाही कळलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, दोन दिवस मिळतायत आणि रडतेस? त्या दोन दिवसांत माझा नवरा कारखान्यात असणार, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

ॲडजस्ट या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. तो नेहमी वरून खाली येतो. खालून वर कधी जाताना मी पाहिलेला नाही.

तरी काही आठवडे मी केलं. शुक्रवारी सुनसान कारखान्यात वॉचमन आणि मी. ठाण्याच्या शीटवर विसंबून गाडी पाठवणाऱ्यांची मी माफी मागायची. संध्याकाळी घरी यावं तर नवऱ्याने डब्यात मटण झाकून ठेवलेलं. त्याने एकट्याने जेवून घेतलेलं. वाटण माझ्या हातचं जाडसर नाही, मिक्सरमधून सरसरीत काढलेलं असायचं. मला त्या वाटणाचं जितकं वाईट वाटलं तितकं कशाचंच वाटलं नाही. मग रविवारी मी घर भरलेलं असल्यासारखी लवकर उठायची आणि कुणासाठी उठले ते आठवत बसायची.

अशाच एका शुक्रवारी, रागाच्या भरात, तो फॉर्म्युला उघडून बसले. शोधता शोधता त्याच घराण्यातला दुसरा सापडला. त्यात सुट्टीचा वार आपण सांगायचा असतो. कंस उघडला की यादी खाली उतरते. शनिवार-रविवार, रविवार-सोमवार, अशा जोड्या. मग एकेकटे वार. फक्त रविवार, फक्त सोमवार... आणि शेवटून दुसरा, सोळा नंबरवर, फक्त शुक्रवार.

मी बघतच राहिले. ज्याने हे लिहिलं त्याने डोंबिवलीचं नावही ऐकलं नसेल. पण जगात शुक्रवारी घरी राहणारी माणसं आहेत एवढं त्याला ठाऊक होतं आणि त्याने त्यांच्यासाठी जागा ठेवली होती. आमच्याच कंपनीने ठेवली नव्हती. मला रडू आलं, आणि लगेच त्या रडण्याचाही राग आला. सोळा टाकला. गाड्या सगळ्या शुक्रवारांवरून उठून शनिवारी-रविवारी जाऊन बसल्या.

त्यानंतर ठाण्याला बैठक होती. शीळफाट्याला गाडी अडकली, मी घामाघूम पोचले, पण पडद्यावर माझी शीट लावलीच. साहेबांनी नीट पाहिली. छान आहे म्हणाले, पण फॉरमॅट सगळीकडे एकच हवा, आणि शुक्रवारी ऑफिस चालू, हे तर आता ठरलेलंच आहे.

मी म्हटलं, "सर, कॉम्प्युटरला आमचा शुक्रवार कळतो. तुम्हाला कळत नसेल तर येत्या शुक्रवारी मी घरी असेन. गैरहजेरी लावा."

या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे परतीच्या वाटेवर आठवलं.

शुक्रवारी मी घरी राहिले. नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो इतकंच म्हणाला की वाटण जाड ठेव. दुपारी पानं घेतली आणि फोन वाजला. ठाण्याचा नंबर. नवऱ्याचा हात पातेल्यातच थांबला. "उचलणार?" त्याने विचारलं.

मी उचलला.

"मॅडम, तुम्ही ऑफिसला नाही आलात?"

"नाही सर. आज रविवार आहे."

"मॅडम, आज फ्रायडे आहे."

"तेच सांगतेय."

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या महिन्याची शीट ठाण्याहून आली तेव्हा तिच्यात सोळा होता. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही, आणि त्यानंतर शुक्रवारी मला कुणी बोलावलं नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं. मी फोन पालथा ठेवला, रस्सा चाखला आणि नवऱ्याला सांगितलं की मीठ कमी आहे.