आमच्या व्याह्यांची जादाची गाडी

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर सगळ्या कसबा पेठेत माझ्याइतका हट्टी माणूस नाही अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या व्याह्यांनी ती मोडीत काढली. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. या पृथ्वीच्या पाठीवर कुठलीही वस्तू एकटी पुरते यावर ज्याचा काडीचा विश्वास नाही, असा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. त्यांच्या नाकावर एक चष्मा असतो, दुसरा खिशात. पावसाळ्यात एक छत्री डोक्यावर आणि दुसरी काखेत, मिटलेली. हातात घड्याळ एक, पण दुसरं पिशवीत टिकटिक करत असतं. देवाच्या बाबतीतसुद्धा तेच. गणपतीला नवस बोलले की येताना मारुतीच्या कानावरही तो घालून ठेवतात. "यांना सवड नसली तर?" असं वर विचारतात.

आणि गंमत अशी, की ती जादाची वस्तू ते कधी वापरत नाहीत आणि दुसऱ्याला तर मुळीच देत नाहीत. एकदा आम्ही दोघं मंडईत गेलो होतो. गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. यांच्या पिशवीत चपलांचा नवा जोड होता, मला दिसत होता. मी पिशवीकडे पाहिलं, त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "दिल्या असत्या हो व्याहीबुवा," ते फार कळवळून म्हणाले, "पण मग माझ्याकडे जादाच्या काय राहिल्या?" मी भर उन्हात अनवाणी घरी आलो. ते माझ्यासोबत घरापर्यंत आले, वाटेत जिथे सावली असेल तिथून मला चालवलं, खडा दिसला की "जपून हं" म्हणाले. पिशवीची चेन मात्र उघडली नाही. याला कंजूषपणा म्हणायचं तर तोही नाही, कारण घरी पोचल्यावर आमच्या नातीला त्यांनी अख्खी आंब्याची पेटी दिली. एक पेटी पोटमाळ्यावर ठेवायला सांगितली ती वेगळी.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मास्तरांनी काढलं नाही, मीच गेलो नाही. हात तांब्यावर बसला होता आणि तांबं ठोकायला भूगोल लागत नाही. व्याह्यांचंही आयुष्य तांब्यातच गेलं म्हणायचं, पण त्यांचं तांबं तारेचं. ते विजेच्या खात्यात होते. लोकांच्या घरोघरी वीज नेली आणि स्वतःच्या घरी मात्र इन्व्हर्टर, त्या इन्व्हर्टरला दुसरा इन्व्हर्टर, त्याच्यामागे कंदील आणि कंदिलाच्या मागे मेणबत्त्या. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमच्याच खात्याची वीज, तिच्यावर एवढा अविश्वास?" तर म्हणाले, "मी आतून पाहिलंय ना सगळं."

मुलाच्या लग्नात आमचं जे बिनसलं ते यावरूनच. मांडवातल्या पिण्याच्या पाण्यासाठी मी माझ्या हातानं ठोकलेला मोठा हंडा ठेवला होता. असा हंडा की भिंतीवर आपटला तर भिंतीला पोचा येईल. पाहतो तर त्याच्या मागे निळा प्लास्टिकचा पिंप. "हे काय?" म्हटलं. "काही नाही, असू दे, जादाचा." लग्न लावायला भटजीही दोन आणले होते. दुसरे सोवळं नेसून शेवटपर्यंत बसून राहिले आणि जेवून गेले, त्याबद्दल मी ब्र काढला नाही. पण माझ्या हंड्यामागे पिंप? चार माणसांत मी सांगून टाकलं, "व्याहीबुवा, यापुढे तुमच्या जादाच्या कुठल्याही वस्तूला मी हात लावणार नाही." ते शांतपणे म्हणाले, "नकाच लावू. ती हात लावण्यासाठी नसतेच."

अशा माणसानं निवृत्तीनंतर विजेवरची मोटार घेतली. आपल्या खात्याची वस्तू म्हणून. गाडी घरी आली, पेढे वाटून झाले आणि मग त्यांनी डिकी उघडून पाहिली. त्या गाडीला स्टेपनीच नव्हती. शोरूमला फोन केला तेव्हा कळलं, की बॅटरीमुळे जागा उरत नाही, तेव्हा कंपनी जादाचं चाक देत नाही, हवा भरायचं यंत्र देते. व्याही दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि स्टेपनी म्हणून दुसरी गाडी घेऊन आले. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग.

धायरीच्या टोकाला टेकडीखाली त्यांची बंगली आहे, शेजार विरळ. तिथे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. पहिली रस्त्यावर धावायची. दुसरी शोरूममधून आली त्यानंतर तिनं रस्ता पाहिलाच नाही. तिच्यावर शिवून घेतलेला कव्हरचा झगा, सीटवरचं प्लास्टिक तसंच, दसऱ्याला झेंडूचा हार पहिला तिला. दर महिन्याला न चुकता तिला चार्जिंग लावून पाहायचे आणि भरलेली आहे म्हणून समाधानानं घरात जायचे. मी विचारलं, "हिला कधी फिरवत नाही?" तर माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवघरातल्या मूर्तीला बाजारात न्यायला सांगितलं. "फिरवली तर ती जादाची कशी राहील?"

त्या वर्षी आमच्या सूनबाई सरकारी परीक्षेला बसल्या होत्या. लग्न, लेक, घरातली दुखणीखुपणी या सगळ्यात त्यांची वर्षं गेली होती. आता वयाची मर्यादा संपत आली होती, म्हणजे हा पेपर चुकला की संपलं, पुन्हा बसता येणार नव्हतं. आमच्या कसब्यातल्या घरी सकाळपासून ठोकाठोकी, म्हणून अभ्यासाला त्या महिनाभर माहेरी गेल्या होत्या. परीक्षेचं ठिकाण हडपसरच्या पलीकडे, आणि नऊला फाटक बंद म्हणजे बंद. माझा मुलगा कंपनीच्या कामाला परगावी, तेव्हा नेण्याची जबाबदारी व्याह्यांची. आमच्या हिनं पहाटे उठून दही-साखरेचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिच्या तोंडात घालूनच या." मी पहिल्या बसनं स्वारगेटला आलो, तिथून धायरीची बस धरली.

पोचलो तर व्याही अंगणात, गाडीशेजारी उकिडवे बसलेले. पुढचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. टायर बाजूनं फाटला होता, हवा भरायचं यंत्र घरघरत होतं आणि हवा दुसरीकडून निघून जात होती. सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. व्याह्यांचा मात्र उजळला. खोटं नाही सांगत, तो माणूस मनातून खूश होता. "घाबरायचं नाही!" ते उठले आणि पुतळ्याचं अनावरण करावं तसं दुसऱ्या गाडीचं कव्हर ओढलं. "याच दिवसासाठी ठेवली होती."

किल्लीचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. जादाची किल्ली आणली, तीही दाबली. शेवटी साध्या किल्लीनं दार उघडलं, तर आत दिवासुद्धा लागेना.

"चार्ज केली होती ना?" मी विचारलं.

"काठोकाठ!"

मग त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते मटकन पायरीवर बसले. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात म्हणे. गाडी ओढते ती मोठी, आणि त्या मोठीला जागं करणारी एक लहान. मोठी काठोकाठ भरलेली होती. लहान बॅटरी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहून मेली होती. पहिल्या गाडीतून तारा लावून पाहिल्या, पण तिनं हूं की चूं केलं नाही. "जन्म गेला विजेत," व्याही स्वतःशीच म्हणत होते, "आणि मला कळू नये? जपून जपून मारली हो मी हिला."

सूनबाई फोनवर गाडी बोलवत होत्या. एकानं यायचं कबूल करून रद्द केलं, दुसऱ्यानंही तेच. मी नाक्यावर धावत गेलो. एकच रिक्षा होती. रिक्षावाल्यानं पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "कुठं?" हडपसर म्हटल्यावर पान उलटलं. एवढंच उत्तर. परत आलो तर सूनबाई दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभ्या, एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे.

"दादा," त्या वडिलांना म्हणाल्या, "दोन्हींची चाकं सारखीच ना? हिचं काढा आणि तिला लावा."

साधी गोष्ट. पण व्याही दुसऱ्या गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले, अक्षरशः हात पसरून. "अगं, चाक काढलं तर ही कशाला उरली? आणि वाटेत दुसरं चाक गेलं तर? मग मागे काय आहे आपल्याकडे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"दादा, ही गाडी कशासाठी घेतली होती?"

"अडचणीसाठी."

"मग मी काय सहलीला निघालेय?"

व्याह्यांचे हात हळूहळू खाली आले. चपलांच्या पिशवीची चेन ज्यानं उघडली नाही, तो माणूस गुडघ्यावर बसला. स्टेपनी नाही म्हणून कंपनीनं जॅकही दिला नव्हता, पण आमच्या व्याह्यांकडे जॅक होते. अर्थात दोन. मग काय, एक या गाडीखाली, एक त्या गाडीखाली. दोन म्हातारे आणि एक परीक्षेला निघालेली बाई, हॉल तिकीट दातात धरून नट फिरवतेय, असा देखावा त्या टेकडीनं पुन्हा पाहिला नसेल. तोंडातलं तिकीट काढलं तेवढ्यात मी काळ्या बोटांनीच दही-साखर भरवली. "बाबा, ग्रीस लागलं," सूनबाई म्हणाल्या. "लागू दे, सासूबाईंना सांगू नका म्हणजे झालं," मी म्हटलं.

व्याही गाडीत बसले आणि पुन्हा उतरले. तीन चाकांवर, जॅकला टेकून उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीकडे त्यांनी पाहिलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस मागे काहीही न ठेवता घराबाहेर पडत होता. मग माझ्याकडे वळले. "व्याहीबुवा, तुम्ही चला."

"मी कशाला? मी काय नट पिळणार वाटेत?"

"तसं नव्हे. कुणीतरी जादाचं असलेलं बरं."

आता माझी प्रतिज्ञा होती. पण गाडी नेहमीची, चाक तेवढं जादाचं. तेव्हा मी त्या चाकापासून सगळ्यात लांब, मागे उजवीकडे बसलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

गाडीचा आवाज नाही आणि आत आमचाही नाही. दर खड्ड्याला व्याही श्वास रोखायचे आणि खड्डा मागे गेला की तिघंही सोडायचे. हडपसरच्या अलीकडे गर्दी लागली. सूनबाई घड्याळाकडे पाहत नव्हत्या, मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. फाटकाशी आलो तेव्हा शिपाई ते ओढत होता. सूनबाईंनी गाडी थांबायच्या आत दार उघडलं. "ताई, पळा!" शिपाईच ओरडला आणि त्यानं हातभर फट ठेवली. त्या फटीतून त्या आत गेल्या आणि फाटक लागलं. व्याह्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. बराच वेळ त्यांनी ते काढले नाहीत.

पेपर सुटेपर्यंत आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. चहाचा कप त्यांच्या बशीवर सारखा वाजत होता. मी पाहिलं, हाताला बारीक कंप होता. त्यांनी पाहिलं की मी पाहिलंय.

"गेल्या वर्षापासून आहे," ते म्हणाले. "पोरीला सांगू नका. डॉक्टर म्हणतात, सध्या काही नाही, वय आहे. पण मी विचार करतो. ही पास झाली तर नेमणुकीच्या गावी जाईल. जायलाच हवं. मग धायरीत मी एकटा. गाड्या दोन घेतल्या, व्याहीबुवा, आणि चालवणारा एकच. सगळ्याला जादाचं करून ठेवलं. चालवणाऱ्याला जादाचा करायचं तेवढं सुचलं नाही."

टोमणा मारायला अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती. माझ्या जिभेवर दोन-तीन आलेही होते. पण बशी वाजत होती. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

सूनबाई बाहेर आल्या. हनुवटीला ग्रीसचा डाग तसाच. वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सगळे प्रश्न लिहिलेत. आता होईल ते होईल. पण लिहिलेत सगळे." व्याह्यांनी चष्मा पुसायला काढला. पुसता पुसता दुसराही काढला आणि तोही पुसला.

घरी आल्यावर मी हिला फक्त एवढंच सांगितलं की दही वेळेवर पोचलं. बाकी सांगण्यासारखं काही ठरलं नव्हतं, निदान जेवण होईपर्यंत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि चालत नारायण पेठेतल्या मोटार शिकवणाऱ्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "या आजोबा. नातवाचं नाव घालायचंय का?"

"माझं घाल," मी खुर्ची ओढून बसत म्हटलं, "आणि लवकर शिकव. एक माणूस थांबलाय."