मिक्सर बघायला आलेल्या काकू

परवा मुलगी मोबाइलवर मिक्सरबद्दल लोकांची मतं वाचून दाखवत होती आणि मी शेंगदाणे भाजत होते. त्या खमंग वासाने मी थेट नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोहोचले.

बाबांनी आईला न विचारता घरातला पहिला मिक्सर आणला होता. संध्याकाळी शेजारच्या काकू तो बघायला जमल्या. आईने शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली.

"केवढा हा आवाज," एक काकू म्हणाल्या.

"पाट्यावरची चव नाही यायची," दुसऱ्या म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. बाबा पेपरात डोकं घालून बसले. मला वाटलं, उद्या मिक्सर दुकानात परत जाणार.

सगळ्यांत कडक जोशीकाकू. त्यांनी चटणी भाकरीला लावून सावकाश खाल्ली, मग पुन्हा घेतली.

"चवीचं राहू दे," त्या आईला म्हणाल्या. "तू हे उभ्याने वाटलंस. त्याची किंमत माझ्या गुडघ्यांना विचार."

तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. आता माझेच गुडघे कुरकुरतात, तेव्हा ते मत पटतं.

आई मात्र लगेच खुलली. थोड्याच वेळात काकू आपापल्या घरून भिजवलेली डाळ, खोबरं, मिरच्या घेऊन परतल्या. ओट्यावर पातेल्यांची रांग लागली आणि बाबा पेपर टाकून स्वतः बटण फिरवायला उभे राहिले.