नानांची गाडी बसते

नानांनी दोन्ही तळवे पुढच्या मडगार्डवर टेकवले आणि अंगाचा भार टाकला. गाडी तीन-चार बोटं खाली गेली. हात काढल्यावर वर आली आणि तिथेच थांबली. माझ्या दृष्टीने काम अगदी हवं तसं होतं. नानांचं तोंड मात्र कडू झालं.

"साहेब, ही ते बसनी."

"बसायलाच हवी, नाना. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला."

"तुम्हनं बरोबर व्हई. पन लोके काय म्हनतस ते आयकं का तुम्हीन?"

लोक काय म्हणतात हा माझ्या कामाचा भाग नव्हता, असं मला तेव्हा वाटायचं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी धुळ्यात एका खासगी गॅरेजमध्ये वर्क्स मॅनेजर होतो. म्हणजे गाडीत काय बिघाड आहे हे मी ठरवायचं आणि त्याचं काय करायचं हे मालकाने. मालकाला सगळे शेठ म्हणत. नाना आमचं जुनं गिऱ्हाईक, शिंदखेड्याकडचे. त्यांची कापसाची जिनिंग होती आणि घरी एक छोटी आठशे सीसीची गाडी. त्यांच्या पत्नीला गावभर अक्का म्हणत. अक्का जिन्यावरून पडल्या आणि मणक्याला मार लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी शेक आणि व्यायाम सांगितला होता, आठवड्यातून दोनदा, हॉस्पिटलात येऊन. काही महिने नेमाने आल्या तर बिनकाठीच्या चालतील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अट एकच होती. येता-जाता हादरे बसायला नकोत, नाहीतर केलेलं सगळं वाया.

एसटीचा तर प्रश्नच नव्हता. आणि ही छोटी गाडी हायवेवरच्या सोनगीरपर्यंतच्या आडरस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात पोट घासायची. नाना स्वतः माझ्या टेबलापाशी आले होते. "काहीबी करा साहेब, अक्काले धक्का लागाले नको." हे शब्द त्यांचेच. त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

गाडी उंच करायची म्हटलं की आमच्याकडे सरळ जाड स्प्रिंग टाकत. पोट घासायचं थांबतं, पण आतल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिऱ्हाइकाला सांगता सांगता माझी अर्धी नोकरी गेली. मला गाडी उंच हवी होती आणि नरमही. म्हणून मी ॲडजस्टेबल कॉइलओव्हर सुचवले. त्यात गूढ काही नाही. शॉकअब्सॉर्बर आणि त्याच्या अंगावर चढवलेली स्प्रिंग, दोन्ही मिळून एक नग. नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, आट्यांवर एक रिंग असते. पान्याने रिंग फिरवली की गाडी वर जाते किंवा खाली येते. शिवाय शॉकच्या टोकाला एक घुंडी असते. खड्ड्यातून गेल्यावर गाडीने किती डुलायचं, ते घुंडी ठरवते.

रेसची हौस असलेले लोक हे सामान गाडी जमिनीला टेकवायला वापरतात. मी नाशिकला रॅलीच्या गाड्या बांधणाऱ्या एकाला फोन लावला.

"रॅली की रोड?" त्याने विचारलं.

"रोड. सगळ्यात नरम स्प्रिंग दे. आत पेशंट बसणार आहे."

तो हसला. पेशंटसाठी पहिल्यांदाच देतोय, म्हणाला. सेट आला, त्यात त्याने रॅलीच्या कडक स्प्रिंगाही टाकल्या होत्या, असू द्या म्हणून. मी त्या स्टोअरमध्ये ठेवल्या. नरम स्प्रिंगा चढवल्या, रिंग वर घेऊन पोट खड्ड्यांपासून सोडवलं, घुंडी बेताची ठेवली. मग आम्ही करतो तसा कोपरा दाबून पाहिला. दाबल्यावर गाडी खाली जायला हवी, सोडल्यावर एकदाच वर यायला हवी. आली.

पहिल्या फेरीनंतर अक्का हॉस्पिटलातून परतताना गॅरेजवर थांबल्या. काठी टेकत, पण आपल्या पायाने गाडीतून उतरल्या. "साहेब, आज मना डोया लागना," त्या म्हणाल्या. "सोनगीर कव्हय उनं, समजनंच नही." या धंद्यात मला मिळालेलं तेवढं एक सर्टिफिकेट मी अजून विसरलेलो नाही.

आणि महिन्याभरात नाना मडगार्ड दाबत माझ्यासमोर उभे.

मामला असा होता. कापसाच्या धंद्यातला माणूस डोळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवतो. गाठ दाबायची, अंगठा आत गेला की माल हलका. नानांच्या जिनिंगवर नवीन सामान टाकलेली गाडी आली, तसा प्रत्येकाने हात टाकून ती दाबली. व्यापारी दाबत, हमाल दाबत, चहावाला दाबी. गाडी खाली जाई आणि म्हणत, नानांची गाडी बसली. आता आमच्याकडे बसण्याला फार अर्थ आहेत. भिंत बसते, भाव बसतो, धंदा बसतो. बसलेल्या माणसाला बाजारात कोणी दारात उभं करत नाही.

"बठ्ठा हासतस," नाना म्हणाले. "म्हनतस, गाडी बसनी, आते नाना बी बसी. ऐन सीझनमा असं बोलनं चांगलं नही, साहेब. कडक करी द्या."

"नाना, कडक केली तर अक्कांना हादरे बसतील."

"हायू हायू चालाडसूत."

हळू चालवून स्प्रिंग नरम होत नाही. मी समजावलं. दाबून दाखवलं, पुन्हा दाबून दाखवलं. दोघंही तीच गाडी तसेच दाबत होतो. ती वर कशी येते हे मी बघत होतो, ती खाली का जाते हे नाना. शेवटी आवाज चढला आणि शेठ केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेलं.

"स्टोअरमध्ये कडक स्प्रिंगा पडल्यात ना? लावून द्या."

"शेठ, बाईंचा मणका आहे."

"गाडी त्यांची, बायको त्यांची. आपलं काय जातं?"

मी लावणार नाही म्हणालो. शेठनी माझ्यासमोर दुसऱ्या मेकॅनिकला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत रॅलीच्या स्प्रिंगा चढल्या. नानांनी अंग टाकून दाबलं. गाडी हलली नाही. त्यांनी मेकॅनिकला चहा पाजला.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी घुंडी गुपचूप पार सैल केली. त्याने फरक पडणार नाही हे मला ठाऊक होतं. घुंडी डुलणं कमी-जास्त करते, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. मन मानेना म्हणून केलं, दुसरं काय.

हिवाळ्यात नानांची गाडी चालू होईना, म्हणून मी शिंदखेड्याला गेलो. अक्का ओसरीत खाटेवर पडून होत्या. हॉस्पिटल कसं चाललंय, मी विचारलं.

"मी बरी शे आते. धुयाले जावानी गरज नही," त्या म्हणाल्या आणि कूस बदलायला सुनेला हाक मारली.

मी तिथून तडक जिनिंगवर गेलो आणि नानांना स्पष्ट सांगितलं, अक्का तुमच्या गाडीमुळे यायच्या थांबल्या. नानांनी समोरच्या ढिगातला कापूस मुठीत घेऊन दाबला. मग म्हणाले, "मले कधी बोलनी नही ती." आणि कापूस परत टाकत, "सीझन सरू द्या. मंग बदली टाकसूत."

मला तेव्हा त्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांना सगळं समजलं होतं. समजूनही त्यांनी सीझन मोजला.

सीझन संपला आणि नाना शब्दाला जागले. स्वतः गाडी घेऊन आले. मी नरम स्प्रिंगा परत चढवल्या, रिंग बसवली, घुंडी बेताची केली. गाडी पहिल्यासारखी झाली. पण अक्का तिच्यात परत कधी आल्या नाहीत. त्यांना आता बसताच येत नव्हतं.

मी त्याच वर्षी ते गॅरेज सोडलं. पुढे शिकाऊ मुलांना गाडीचं सस्पेन्शन शिकवायचो, तेव्हा पुस्तकात असतं तेच सांगायचो, की गाडीत कोण बसणार आहे ते आधी विचारा. त्यात एक भर माझी असायची. गाडीच्या बाहेर कोण उभं राहणार आहे तेही विचारून घ्या. स्प्रिंग बहुतेक वेळा तेच ठरवतात.