गुलाबाचा बेवड

आमच्या गंगाखेडच्या घराच्या फाटकावर लोखंडी पाइपाची कमान होती आणि तिच्यावर बायकोच्या माहेरचा गुलाब चढलेला होता. लग्नानंतर, अठ्ठ्याहत्तर साली, तिनं पेडगावहून त्याची काडी आणली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, एस्टीत मांडीवर धरून. फूल फिकट गुलाबी, रुपयाएवढं, झुबक्यानं यायचं. वर्षातून एकदाच, माघ-फाल्गुनात. पण तेव्हा रस्त्यानं जाणारा माणूस फाटकाशी थबकायचाच. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि महिनाभर फुलून अकरा महिने नुसते काटे दाखवणाऱ्या या झाडावर माझा राग होता. माझ्या मनात बारमाही फुलणारा लाल वेलगुलाब भरला होता.

पुढं सासूबाई गेल्या. मेहुण्यांनी विहीर रुंद केली, त्यात तिथलं मूळ झाड गेलं. म्हणजे सासूबाईंच्या हातचा गुलाब आता फक्त आमच्या फाटकाशी उरला. बायको हे कधी बोलून दाखवायची नाही. छाटणीच्या वेळी कात्री मात्र माझ्या हातात द्यायची नाही.

एका उन्हाळ्यात बुडाला वाळवी लागली. वेल वरून खाली वाळत आला, एकच फांदी हिरवी राहिली. तिनं त्या फांदीच्या तीन काड्या केल्या, वरच्या टोकांना शेण लावलं आणि पत्र्याच्या तीन डब्यांत लावून न्हाणीमागं सावलीला ठेवल्या. मी बुंधा उपटला, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. पावसाळा लागताच परभणीच्या एका नर्सरीतून डोळा भरलेलं लाल वेलगुलाबाचं कलम आणलं, त्याच खड्ड्यात लावलं, वर शेणखत घातलं. चार पानं काढून ते पिवळं पडलं. दिवाळीला दुसरं आणलं, तेही त्याच वाटेनं गेलं.

"गुलाबावर गुलाब लावायलाव," ती ओसरीवरून म्हणाली. "बेवड बगायचा न्हाई का?"

बेवड म्हणजे आधीच्या पिकानं जमिनीत मागं ठेवलेला गुण, नाही तर अवगुण. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही: कापसावर कापूस नको, हरभऱ्याचा बेवड ज्वारीला चांगला. मलाही ते ठाऊक होतं, पण शेतापुरतं.

"गुलाब म्हणजे काय कापूस आहे का?"

"मातीला काय म्हाईत, कापूस का गुलाब? रोज एकच भाजी वाढली तर तुमी बी उबगताव की."

मी हसलो. दोन कलमं मेली होती, तरी हसलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत.

तीनपैकी एक काडी थंडीत गेली, दोन जगल्या. पुढल्या मृगाला तिनं फाटकाजवळच्या त्या खड्ड्यात मूठभर मूग पेरले. जाणारे-येणारे विचारायचे, "मास्तर, फाटकात रान केलं का?" वर कमान उघडी, खाली मूग. मला लाज वाटायची. नागपंचमीला ती चार दिवस माहेरी गेली तेव्हा मी ठरवलं, आल्यावर हिला दाखवूनच द्यायचं. मूग उपटून फेकले, डब्यातलं एक रोप त्या खड्ड्यात लावलं आणि इतकं खत-पाणी घातलं की तिथं ऊस आला असता.

ती आली आणि फाटकातच थांबली. रोपानं मान टाकली होती. पिशवी खाली ठेवून तिनं ते मुळासकट अलगद काढलं, परत डब्यात नेलं. उपयोग झाला नाही, पंधरा दिवसांत ते वाळलं. आता एकच डबा उरला. तो जगला तर तिच्या आईचा गुलाब राहणार, नाही तर कायमचा संपणार. हे मला तेव्हा नीट कळलं. ती भांडली असती तर मी दुप्पट आवाजात उत्तर दिलं असतं. त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पण ती एवढंच म्हणाली, "तुमी ज्येवून घ्या."

फेकलेले मूग तिनं गोळा करून त्याच खड्ड्यात पुरले. दसऱ्यानंतर हरभरा पेरला. तो निघाल्यावर माती खणून उन्हाळाभर तापू दिली. मेहुण्यानं तूर काढलेल्या रानातली पोतंभर माती एस्टीच्या टपावरून आणली, ती तिनं हातानं चाळून खालच्या मातीत मिसळली. तो एकुलता डबा ती ऊन सरकेल तसा सरकवायची; घरात पाहुणे असले तरी उठून जायची. इतक्या दिवसांत तिनं एकदाही घाई केली नाही. मी पोरांना वर्षानुवर्षं प्रयोग शिकवत आलो होतो. प्रयोग करणारं माणूस कसं असतं ते मी घरातच, चौथी शिकलेल्या बायकोत पाहिलं. तिचा मला फार अभिमान वाटला, आणि तो सांगायला मी लाजलो.

त्या पावसाळ्यात तिनं रोप लावलं आणि ते धरलं. दुसऱ्या फाल्गुनात कमान गुलाबी झाली. आता तोरा माझा. येईल त्याला चहा पाजून सांगायचो, असा गुलाब तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या दारात नाही.

पावसाळा आला. एक दिवस मी शाळेतून परतलो तर ओसरीवर डबेच डबे, प्रत्येकात एक काडी. तिनं मन घट्ट करून वेल छाटला होता.

"हे कुणासाठी?"

"गल्लीत द्यायचेत. घरटी एक."

"सगळ्यांच्या दारात झाला, मग आपलं काय राहिलं?" माझा आवाज चढला.

तिनं हातातलं शेण शेवटच्या काडीला नीट लावलं.

"एकाच दारात व्हता, म्हनून जायला लागला व्हता. आता धा दारात ऱ्हाऊ द्या. तुमच्यासारखा एखांदा हर गल्लीत असतोय, पर हर घरात नसतोय."

मी चपला काढल्या नव्हत्याच. दोन डबे उचलले आणि शेजारच्या दाराशी गेलो.