लाल न झालेला तक्ता

तो तक्ता आजही डोळ्यांपुढून हलत नाही. धुळे-जळगाव रस्त्यालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. खुर्चीमागे मीच तो लावला होता. महिन्याला दाखल गुन्हे किती, उघडकीस किती. मागच्या वर्षापेक्षा गुन्हे वाढले की रकाना लाल. सलग पाच महिने एकही रकाना लाल नव्हता. आढावा बैठकीत आम्ही पहिले होतो.

अशात एका विहिरीवरून मोटारीची केबल चोरीला गेली. मालकाने आपल्या सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्यावर, संशय घेतला. आम्ही त्याला अटक केली, पोलीस कोठडी घेतली. चौकशीत त्याचे एकच उत्तर, "मी नही, साहेब."

पाचव्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. शिपायाला न जुमानता थेट माझ्या टेबलाशी.

"काल शेजारना गावले बी केबल गई. हाऊ मना नवरा तं तुमना कोठडीमा शे. मंग कोन चोरी गया?"

"तक्रार दिली का कोणी?"

"दिधी ना! अर्ज लेतस, लिखतस नही."

दुसऱ्या दिवशी कोठडी संपत होती आणि मी वाढवून मागणार होतो. ठाणे अंमलदार हवालदाराला बोलावले. त्याने ड्रॉवरमधून सात अर्ज काढले. सगळे केबलचोरीचे. एकही गुन्हा दाखल नाही.

"हे काय?"

"साहेब, तुमचा तक्ता लाल झाला असता."

मला त्याच्यावर ओरडता येईना.

अर्ज ओळीने वाचले. दोन चोऱ्या सालदाराच्या अटकेनंतरच्या. चौघांनी लिहिले होते, स्टार्टरच्या पेटीचे स्क्रू परत बसवलेले. आमच्या पंचनाम्यातही तेच होते. घाईतला चोर स्क्रू कशाला बसवेल? ही मोटार दुरुस्त करणाऱ्या हाताची सवय. अर्जदारांना विचारले. सातही जणांचा मेकॅनिक एकच. संध्याकाळी पंचांसमक्ष त्याच्या शेडमध्ये सोललेल्या केबलची तार सापडली. तासाभरात त्याने पहिल्या विहिरीसह सगळ्या चोऱ्यांची कबुली दिली.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात अहवाल देऊन सालदाराला सोडवले. सातही गुन्हे दाखल केले. बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "एकदम सात चोऱ्या वाढल्या?"

"चोऱ्या तेवढ्याच होत्या, सर. लिहिल्या आत्ता."

आम्ही शेवटच्या क्रमांकावर गेलो. मोजमाप हवेच, पण ज्याचे मोजायचे त्याच्याच हातात पेन असेल, तर साहेबाने आठवड्यातून एकदा ड्रॉवर उघडून पाहावा, एवढे मी शिकलो. तक्त्यात 'आलेले अर्ज' हा नवा रकाना आखला.

सालदाराचे सहा दिवस मात्र कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मला आजवर सुचलेले नाही.